घरी बसून मेडिकल ट्रान्सक्रिप्शन: बेळगाव सीमाभागातील नवशिक्यांनी सुरुवात कशी करावी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यातील पुष्कळ मराठी घरांत बी.एस्सी., डी.फार्म किंवा नर्सिंग झालेली एखादी मुलगी किंवा सून असते, जिला नोकरीसाठी पुण्याला किंवा बंगळुरूला जाऊन राहणे शक्य नसते. मेडिकल ट्रान्सक्रिप्शनविषयी मला बहुतेक वेळा अशाच कोणीतरी विचारलेले आहे. गेली अकरा वर्षे मी वडगावातील माझ्या घरातून हे काम करीत आहे, आणि नव्याने येऊ पाहणाऱ्यांना जे तोंडी सांगते तेच येथे सविस्तर लिहीत आहे.

डॉक्टर, आणि घरून मिळणाऱ्या कामात ते बहुधा अमेरिकेतील असतात, रुग्ण तपासल्यानंतर किंवा शस्त्रक्रिया आटोपल्यानंतर आपले निष्कर्ष बोलून ठेवतात. ती ऑडिओ फाइल ऐकून ठरलेल्या मांडणीत अहवाल तयार करणे म्हणजे ट्रान्सक्रिप्शन, अशी या कामाची जुनी व्याख्या आहे. तपासणीचा पहिला अहवाल, सल्लामसलतीचे पत्र, शस्त्रक्रियेचा वृत्तांत, रुग्णालयातून घरी सोडतानाचा डिस्चार्ज समरी आणि क्ष-किरण किंवा एमआरआयचा अहवाल हे यातील नेहमीचे प्रकार होत. ही व्याख्या आज अर्धीच लागू पडते. बोललेले शब्द ओळखणारी संगणक प्रणाली आता बहुतेक ठिकाणी पहिला मसुदा स्वतःच तयार करते आणि माणसाने तो ऑडिओशी ताडून दुरुस्त करायचा असतो. त्याच्याही पुढे जाऊन, डॉक्टर आणि रुग्ण यांचे संभाषण ऐकून परस्पर नोंद लिहिणाऱ्या प्रणाली दवाखान्यांत येऊ लागल्या आहेत. या क्षेत्रातील न्यूआन्स ही मोठी कंपनी मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये विकत घेतली, यावरून वारे कोणत्या दिशेला वाहते आहे ते समजते. अमेरिकेच्या कामगार आकडेवारी विभागाचा अंदाजही या व्यवसायातील जागा कमी होत जातील असाच आहे.

हे आधी सांगण्याचे कारण असे की, केवळ टायपिंग चांगले आहे म्हणून या कामात येण्याचा काळ सरला आहे. टायपिंग यंत्र करते. यंत्राला जमत नाही ते म्हणजे वाक्य सुबक असूनही अर्थ चुकला आहे हे ओळखणे. ‘फ्रॅक्चरचा पुरावा नाही’ या वाक्यातील ‘नाही’ पुटपुटल्यासारखे बोलले गेले तर यंत्र निःशंकपणे ‘फ्रॅक्चरचा पुरावा’ असे लिहून मोकळे होते. ते पकडणाऱ्या कानाला आणि त्यामागील वैद्यकीय जाणिवेला आज पैसे मिळतात, आणि पुढे लिहिलेली सगळी तयारी त्या एका गोष्टीसाठी आहे.

कान कसा तयार करावा

आमच्या भागातील मुलांची एक जमेची बाजू आहे. घरात मराठी, बाजारात आणि सरकारी कचेरीत कन्नड, टीव्हीवर हिंदी आणि पीयूसीपासून, म्हणजे अकरावीपासून, इंग्रजी, अशी कानाला लहानपणापासून सवय झालेली असते आणि एका वळणाच्या उच्चारातून दुसऱ्यात जाताना कान अडखळत नाही. परंतु एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत, मराठी माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्याचे इंग्रजी बहुधा डोळ्यांनी शिकलेले असते. पुस्तकातील शब्द त्याला ओळखता येतो, मात्र तोच शब्द घाईत असलेला सर्जन जेवता जेवता बोलला तर ओळखता येत नाही. त्यातच अमेरिकेतील सुमारे एक चतुर्थांश डॉक्टर अन्य देशांत शिकून तेथे गेलेले आहेत, त्यामुळे एकाच दिवसात टेक्सासचा, केरळचा, मनिलाचा आणि कैरोचा उच्चार ऐकावा लागतो.

कोणत्याही वर्गाचे शुल्क भरण्यापूर्वी स्वतःची परीक्षा घ्यावी. अमेरिकन वैद्यकीय महाविद्यालयाचे एखादे व्याख्यान इंटरनेटवर लावावे, बोलणे लिहून दाखवणारी खालची अक्षरे (सबटायटल्स) बंद करावीत आणि फक्त एक मिनिटाचे बोलणे शब्दन् शब्द लिहून काढावे. नंतर अक्षरे चालू करून पडताळून पाहावे. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत मला एका मिनिटासाठी दहा मिनिटे लागत असत, आणि त्यात काही चुकीचे नाही. महिनाभर रोज एक तास असा सराव करूनही ऐकू येणाऱ्या शब्दांत वाढ होत नसेल, तर मात्र या कामाऐवजी मेडिकल कोडिंगसारख्या, म्हणजे अहवाल वाचून आजार व उपचारांना ठरलेले सांकेतिक क्रमांक देण्यासारख्या, वाचनावर आधारलेल्या कामाचा विचार करणे हिताचे ठरेल.

ऐकण्याच्या बरोबरीने शब्दांची ओळख हवी. वैद्यकीय इंग्रजीतील बहुतेक शब्द ग्रीक आणि लॅटिन तुकड्यांचे बनलेले असतात, आणि शाळेत उपसर्ग, प्रत्यय व समास शिकलेल्या मराठी माणसाला ते वाटतात तितके परके नाहीत. ‘ऑस्टिओ’ आणि आपले ‘अस्थि’, ‘डेंट’ आणि ‘दंत’, ‘नेझल’ आणि ‘नासिका’, गुडघ्यासाठी येणारा ‘जेनू’ आणि संस्कृतमधील ‘जानु’ ही एकाच मुळाची पिढ्यान् पिढ्या दूर गेलेली भावंडे आहेत. ‘हायपर’ आणि ‘हायपो’ यांचे नाते ‘उपरि’ आणि ‘उप’ यांच्याशी आहे. उपरि म्हणजे वर आणि उप म्हणजे जवळ किंवा खालचा, एवढे लक्षात ठेवले तर रक्तदाब वाढल्याचे हायपरटेन्शन आणि तो घटल्याचे हायपोटेन्शन यांची अदलाबदल होणार नाही. प्रत्ययांत तीन विशेष जपावेत. कोलेक्टमी म्हणजे मोठ्या आतड्याचा भाग कापून काढणे, कोलॉटमी म्हणजे त्याला छेद देणे आणि कोलॉस्टमी म्हणजे त्याचे तोंड पोटावर आणून ठेवणे. ऐकायला एखाद्या अक्षराचा फरक, पण रुग्णाच्या आयुष्यात मात्र आभाळाएवढा.

सारख्या ध्वनीच्या शब्दांसाठी एक स्वतंत्र वही ठेवावी, कारण घरी शिकणाऱ्याचा खरा गुरू तीच असते. डिस्फेजिया म्हणजे गिळताना होणारा त्रास आणि डिस्फेझिया म्हणजे बोलण्यातील बिघाड. येथे ‘ज’ आणि ‘झ’ यांचा फरक ऐकू आला पाहिजे. इलियम या एकाच उच्चाराचे दोन शब्द आहेत: ‘आय’ अक्षराचे इलियम हे कमरेचे हाड, तर ‘ई’ अक्षराचे इलियम हा लहान आतड्याचा शेवटचा भाग. त्यांत कान कितीही तयार असला तरी निर्णय संदर्भावरूनच करावा लागतो. पेरोनियल पायाच्या बाहेरील बाजूचे, पेरिनियल ओटीपोटाच्या तळाचे. हात शरीरापासून दूर नेणे म्हणजे अबडक्शन आणि जवळ आणणे म्हणजे अडक्शन, आणि म्हणूनच जागरूक डॉक्टर ‘ए-बी-डक्शन’ असे अक्षरे सुटी करून सांगतात. ‘कॅबेज’ असे ऐकू आले तर ती कोबी नसून हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेचे लघुरूप असते, आणि अमेरिकन सर्जन सेंटिमीटरला पुष्कळदा ‘सॉन्टिमीटर’ म्हणतात.

फार्मसी शिकलेल्यांना औषधांची नावे सोपी जातील असे वाटते, पण तेथेही नवी ओळख करून घ्यावी लागते. आपले पॅरासिटामॉल अमेरिकेत ॲसिटामिनोफेन होते, सालब्युटामॉल अल्ब्युटेरॉल होते आणि ॲड्रिनलिन एपिनेफ्रिन होते. सेलेब्रेक्स हे सांधेदुखीवरील, सेलेक्सा हे नैराश्यावरील आणि सेरेबिक्स हे आकडीवरील औषध. घाईच्या उच्चारात ही तिन्ही नावे एकच भासतात. अशा वेळी त्याच अहवालात कोणता आजार नोंदवला आहे ते पाहावे, आणि नावाचे स्पेलिंग अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या डेलीमेड या मोफत संकेतस्थळावर पडताळावे. स्पेलिंगची आणखी एक अडचण आपल्या शिक्षणातून येते. आपली पाठ्यपुस्तके ॲनिमिया, इडिमा, हिमोग्लोबिन हे शब्द ब्रिटिश पद्धतीने जादा स्वर घालून लिहितात, तर अमेरिकन ग्राहकाला ते स्वर नको असतात. ब्रिटनचे काम घेतले तर मात्र तेच स्वर परत घालावे लागतात, त्यामुळे संगणकातील शब्दकोश ग्राहकाप्रमाणे बदलायला विसरू नये.

आकड्यांविषयी मी सर्वांत कडक आहे. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांतील गोंधळ औषधाच्या मात्रेत झाला तर तो तिपटीहून अधिक होतो. म्हणून नेहमीच्या तपासण्यांचे सामान्य आकडे पाठ असावेत. रक्तातील पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ च्या दरम्यान असते हे माहीत असेल, तर मसुद्यातील ४० हा आकडा ४.० चा बिंदू हरवून आलेला आहे हे लगेच खटकते. अमेरिकेतील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ मध्ये वापरू नयेत अशा लघुरूपांची यादी जाहीर केली, आणि तिच्यातील दोन नियम पहिल्या दिवसापासून हाताला लावून घ्यावेत. औषधाच्या मात्रेत पूर्णांकापुढे बिंदू आणि शून्य लिहू नये, म्हणजे ५ मिलिग्रॅम लिहावे, ५.० नव्हे. आणि एकापेक्षा कमी मात्रा असेल तर बिंदूच्या आधी शून्य अवश्य लिहावे, म्हणजे ०.५ असे. बिंदू पुसट झाला तर पहिल्या चुकीतून मात्रा दहापट होते.

रिकामी जागा सोडण्याचे धैर्य

नवशिक्याला सर्वांत जड जाते ते हेच. तीनदा, चारदा, वेग कमी करूनही शब्द कळत नाही, तेव्हा जुळेल असा काहीतरी शब्द घालून अहवाल पूर्ण दिसावा असा मोह होतो. पहिल्या वर्षी मी एकदा एका औषधाचे नाव असेच अंदाजाने घातले. आमचे अहवाल तपासणाऱ्या कंपनीतील तपासनिसाने अहवाल परत पाठवला आणि सोबत एकच प्रश्न विचारला होता की, हे औषध त्या रुग्णाला खरोखरच दिले गेले असते तर काय झाले असते. त्या प्रश्नाने मला जे शिकवले ते कोणत्याही वर्गाने शिकवले नव्हते.

न कळलेल्या जागी ठरलेली खूण करून जागा रिकामी ठेवणे, ऑडिओतील नेमके मिनिट व सेकंद नोंदवणे आणि काय ऐकू आल्यासारखे वाटले ते टिपणात लिहिणे, ही कामातील कमतरता समजली जात नाही. चुकीचा शब्द हाच गंभीर दोष धरला जातो. डॉक्टरांच्या स्वतःच्या बोलण्यातही विसंगती असतात. सुरुवातीला डावा गुडघा म्हटलेला असतो आणि शस्त्रक्रियेच्या वर्णनात उजवा येतो. तेथे आपण कोणताही गुडघा निवडायचा नसतो. दोन्ही उल्लेख जसेच्या तसे ठेवून खूण करावी आणि डॉक्टरांनाच विचारावे. अर्थात प्रत्येक अहवालात दहा रिकाम्या जागा सोडणाऱ्याला काम टिकत नाही. त्यामुळे सोडलेल्या प्रत्येक जागेचे उत्तर तपासनिसाकडून मिळाले की ते वहीत उतरवावे आणि त्याच डॉक्टरची पुढील फाइल घेण्यापूर्वी ती पाने चाळावीत. प्रत्येक डॉक्टरची स्वतःची ठरावीक वाक्ये असतात, आणि एका डॉक्टरच्या वीस-पंचवीस फाइली झाल्या की त्याचे पुटपुटणेही उलगडू लागते.

खोली, यंत्र आणि वीज

साधने फार लागत नाहीत. चांगला कळफलक, कान पूर्ण झाकणारा तारेचा हेडफोन, बऱ्यापैकी संगणक आणि पायाने चालवायचा पेडल एवढे पुरे होते. पेडलचा मधला भाग दाबला की ऑडिओ चालू होतो आणि सोडला की थांबतो, तर डावीउजवीकडील भागांनी तो मागेपुढे नेता येतो, त्यामुळे बोटे कळफलकावरून उचलावी लागत नाहीत. नेहमीच्या वाक्यांसाठी, टाइप करताच संगणक पूर्ण वाक्यात उलगडतो अशी लघुरूपे तयार ठेवावीत, परंतु ती डोळे मिटून वापरू नयेत. ‘एन-ए-डी’ या अक्षरांचा अर्थ अमेरिकेत बहुधा ‘तातडीचा त्रास दिसत नाही’ असा असतो, तर ब्रिटिश वळणाच्या नोंदीत ‘काही दोष आढळला नाही’ असा होतो.

आमच्याकडील खरी अडचण पावसाळ्यात येते. जांबोटी, कणकुंबी, लोंढा या बाजूला धुवाधार पाऊस सुरू झाला की झाडे तारांवर पडतात आणि हेस्कॉम या वीज कंपनीची माणसे पोहोचेपर्यंत करंट जातो तो जातोच. अहवाल परत करण्याची मुदत बहुधा २४ तासांची असते, आणि ‘स्टॅट’ अशी खूण असलेला तातडीचा अहवाल काही तासांतच द्यावा लागतो. तेव्हा इन्व्हर्टर, ब्रॉडबँडखेरीज वेगळ्या कंपनीचे मोबाइल इंटरनेट, आणि जून ते सप्टेंबर या काळात संगणकाचे चार्जिंग सदैव भरलेले ठेवण्याची सवय ही गुंतवणूक हेडफोनइतकीच आवश्यक मानावी. खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात राहणाऱ्यांनी त्या चार महिन्यांत तातडीचे काम स्वीकारूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वेळेचे गणितही घरच्यांना आधीच समजावून सांगावे. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळी वेळापत्रकात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात, म्हणजे तेथील दवाखान्यांचा दिवस आपल्या स्वयंपाकाच्या आणि झोपेच्या वेळी चालतो. बहुतेक कामे दुसऱ्या दिवशी सकाळी करता येतात, परंतु दिवाळीच्या पाडव्यालाही फाइली येतच राहतात.

गुप्ततेची बाब मात्र सोयीनुसार सैल करता येत नाही. अमेरिकन रुग्णांची माहिती १९९६ च्या हिपा कायद्याखाली येते, आणि काम देणारी कंपनी त्यानुसार गोपनीयतेच्या करारावर सही घेते. आपल्याकडेही २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आहे. व्यवहारात याचा अर्थ असा की, काम दार लावता येईल अशा खोलीत करावे, उठताना संगणकाचा पडदा कुलूपबंद करावा, घरातील मुलांना तो संगणक देऊ नये, फाइल व्हॉट्सॲपवरून कोणालाही पाठवू नये आणि अडलेले वाक्य कोणत्याही सार्वजनिक एआय चॅटबॉटमध्ये चिकटवू नये. गल्लीतील वाड्यात किंवा एकत्र कुटुंबात शेजारीपाजारी थेट आत येतात हे मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच हे बंधन घरातील वडीलधाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे. रुग्ण सात समुद्रांपलीकडचा असला तरी त्याच्या आजाराची चर्चा आपल्या माजघरात होता कामा नये.

पहिले काम कोठे मिळवावे

परदेशी काम एकदम मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. बेळगाव हे मोठ्या दवाखान्यांचे शहर आहे. जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज १९६३ पासून येथे आहे, आणि शहरात व तालुक्याच्या गावांत सोनोग्राफी, सीटी स्कॅन व पॅथॉलॉजीची केंद्रे आहेत. तेथे रेडिओलॉजिस्टच्या शेजारी बसून अहवाल टाइप करणाऱ्या माणसाची गरज असते. पगार बेताचा असला तरी सहा महिने ते काम करावे, असा माझा आग्रह असतो. डॉक्टर समोर असल्यामुळे न कळलेला शब्द तिथल्या तिथे विचारता येतो, पडद्यावरील चित्र आणि अहवालातील शब्द यांची सांगड बसते, आणि पुढे अर्जात लिहिण्यासाठी खरा अनुभव मिळतो. घरून काम देणाऱ्या कंपन्या अर्जदाराची ऑडिओवर चाचणी घेतात आणि साधारण ९८ टक्क्यांहून अधिक अचूकता मागतात. अनुभवी माणूस त्या चाचणीत घाई करीत नाही.

जो काम देण्याआधी पैसे मागतो त्याच्याकडे जाऊ नये. नोंदणी शुल्क म्हणून माझ्याकडूनही एका जाहिरातदाराने सुरुवातीला चार हजार रुपये घेतले होते, आणि त्यानंतर त्याचा फोन कधी लागला नाही. याहून वाईट प्रकार असा की, अशक्य वाटावे इतके काम थोड्या दिवसांत अचूक करण्याच्या करारावर सही घेतात आणि नंतर ‘अचूकता भरली नाही’ म्हणून वकिलाच्या नावाने धमकीची नोटीस पाठवून दंड मागतात. अशा नोटिशीला घाबरून पैसे भरू नयेत. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तक्रार करावी, आणि घरच्यांपासून ते लपवू नये.

मोबदला बहुधा ओळीवर ठरतो, आणि ओळ म्हणजे कागदावर दिसणारी ओळ नव्हे, तर मोकळ्या जागा धरून ६५ अक्षरे. हजार शब्दांच्या अहवालात मोकळ्या जागांसह सुमारे सहा हजार अक्षरे धरली, तर त्याच्या साधारण ९२ ओळी होतात. उदाहरणादाखल ओळीला एक रुपया दर धरला तर त्या अहवालाचे ९२ रुपये. यंत्राचा मसुदा दुरुस्त करण्याचा दर बहुतेक ठिकाणी त्याच्या निम्म्याच्या आसपास असतो, आणि मसुदा वाईट असेल तर वेळ मात्र पूर्ण टाइप करण्याइतकाच जातो. म्हणून होकार देण्यापूर्वी चार प्रश्न लेखी विचारावेत: मोकळ्या जागा मोजतात का, ठरावीक साच्यातून आपोआप आलेला मजकूर वगळतात का, चुकीबद्दल किती कपात होते आणि पैसे महिन्याच्या कोणत्या तारखेला जमा होतात. कंपनीने करकपात केली असेल तर ती आपल्या पॅनवर दिसते की नाही हे दर तिमाहीला तपासावे. जीएसटी नोंदणीची मर्यादा सेवा देणाऱ्यांसाठी वर्षाला २० लाख रुपयांची असल्यामुळे सुरुवातीला त्याची काळजी करण्याचे कारण नाही. रोज किती मिनिटांचा ऑडिओ, किती ओळी आणि किती तास लागले हे मात्र पहिल्या दिवसापासून वहीत लिहावे. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस तासाला प्रत्यक्ष किती रुपये पडतात ते त्या वहीवरून काढता येते, आणि तेच काम पुढे चालू ठेवायचे, दुसरी कंपनी शोधायची की आणखी काही महिने रेडिओलॉजी केंद्रातच काढायचे, हे त्या आकड्यावरून ठरवावे.